हौसाच्या नावाने बोललेला बकरा

अंजूरची पहाट आधी वासाने येते. खाडीवरून चिखलाचा खारा वास येतो, त्याच्यामागून गोदामांपुढे रात्रभर उभ्या असलेल्या कंटेनरांच्या डिझेलचा, आणि जरा वेळाने या दोघांच्या मधून वाट काढत तांदळाच्या भाकरीचा. पूर्वी यात भाताच्या खाचरांचाही वास असे. आता त्या खाचरांवर निळ्या पत्र्यांची लांबच लांब गोदामं उभी आहेत आणि त्यांच्यामधून सिमेंटचा रुंद रस्ता गेला आहे. त्या रस्त्यावरून, उजाडता उजाडता, हौसा धावते.

पन्नाशीला टेकलेली बाई. अंगात मुलीची जुनी ट्रॅक पँट, वर नवऱ्याचा ढगळ सदरा, केसांचा घट्ट अंबाडा, पायांत निळे बूट. हरणासारखी नाही धावत ती. खाडीत भरतीचं पाणी चढतं तशी धावते. घाई करत नाही आणि थांबतही नाही. सुरुवातीला रिक्षा स्टँडवरची माणसं हसायची. "अगो हौसा, कोन मागं लागलाय गो?" एका गोदामाच्या फाटकावर बिहारचा एक वॉचमन असतो. त्याने एकदा खुर्चीतून उठून विचारलं होतं, "मम्मी, रोज किसके पीछे भागती हो?"

"किसी के पीछे नहीं रे भाऊ," हौसा न थांबता म्हणाली. "साँस देखती हूँ. चलती है का नहीं."

वॉचमन हसला. पण हौसाने थट्टा केली नव्हती.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, तिला भिवंडीच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. घरचं माणूस आत येऊ शकत नव्हतं. नवरा हिरामण फाटकाबाहेर रिक्षात बसून राही. आत हौसाच्या तोंडावर नळीचा मुखवटा होता, छाती वर जाई आणि रिकामीच खाली येई. अशा वेळी माणसाला लेकरं आठवतात, देव आठवतो. हौसाला निवट्या आठवल्या. खाडीच्या चिखलातून धरून आणलेल्या, टोपलीत ओल्या पाल्यावर पडलेल्या निवट्या, बोटाएवढे मासे. तोंड उघडायच्या, मिटायच्या, पुन्हा उघडायच्या. जन्मभर तिने त्यांच्यावर राख टाकून, जावेशी गप्पा मारत मारत, त्या साफ केल्या होत्या. तिच्या हातच्या निवट्यांच्या कालवणासाठी माणसं निरोप धाडून जेवायला येत. ते तोंड काही मागत असेल असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आता ती स्वतः तोंड उघडून पडली होती, आणि जे मागत होती ते कुणाला देता येत नव्हतं.

त्याच दिवसांत इकडे अंजूरला तिची सासू ठमाबाई अंगणात उभी राहिली. घाटाच्या दिशेला, कार्ल्याच्या देवीच्या डोंगराकडे तोंड केलं, पदर पसरला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "आये, माझी सून उठून घरात आली तर तुला बकरा देईन. तिच्याच हातानं आनीन, तिच्याच हातानं रांधून दाखवीन."

हौसा उठून घरात आली.

ताकद यावी म्हणून धाकटा दीर भरत खाडीवर जाऊन ताज्या निवट्या घेऊन आला. पहिलं काम म्हणून हौसाने टोपलीवरचा पाला बाजूला केला. बघितलं. पाला तसाच परत ठेवला आणि ओट्यावर येऊन बसली.

"आज नको," म्हणाली.

ते 'आज नको' संपलंच नाही. मासळी गेली, मटण गेलं, अंडं गेलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालता चालता एक दिवस तिचे पाय आपोआप उचलले गेले आणि ती धावू लागली. धावण्याच्या वाटेवर म्हशींचा एक तबेला लागतो. तिथे बाहेर खांबाला एक रेडकू बांधलेलं असे. बरगड्या मोजून घ्याव्यात असं. आतून म्हैस हंबरे, हे बाहेरून ओरडे, आणि मधल्या दारातून दुधाच्या किटल्या मोटारसायकलला लटकून निघत. एका सकाळी खांब मोकळा होता. हौसा घरी आली आणि आलं घालून कोरा चहा प्यायली. त्या दिवसापासून दूध, तूप, दहीही गेलं.

तिची मुलगी रोशनी एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. ती म्हणाली, "मम्मी, अशा लोकांना व्हेगन बोलतात. फॉरेनला लई हायत."

"फॉरेनला खाडी हाय का?"

"असंल की."

"मंग त्यांनी पन निवट्या बघितल्या असतील," हौसा म्हणाली.

आपल्या आगरी माणसांत हे किती अवघड, ते परक्याला सांगून कळायचं नाही. हळदीला मटणाचा टोप चढला नाही तर नवरदेवाला हळद लागली असं कुणी मानत नाही. पाहुण्याला सुक्या बोंबलाशिवाय भाकरी वाढली तर तो शेजारी जाऊन विचारतो, घरात काही बिनसलंय का. अशा माणसांत हौसा वालाचं बिरडं आणि भाकरी घेऊन बसे. भरत तिला छेडायचा, "वयनी, घोड्याचा चारा खातेस म्हनून घोड्यासारखी धावतेस." हिरामण बिचारा मासळी खायला भावाच्या घरी जाई आणि येताना हात धुऊन, लवंग चघळत येई, जसा काही चोरून दारू पिऊन आलाय.

हौसालाही जरा ताठा चढला होता, हे सांगायला हवं. लग्नाच्या पंगतीत शेजारणीच्या ताटाकडे बघून ती म्हणायची, "डोळं उघडं हायत गो त्याचं, बघतंय तुझ्याकडं." मग शेजारीण उठून दुसरीकडे बसायची. हौसाला वाटायचं, आपले हात आता धुतलेले आहेत. आपल्या नावाने आता काही मरायचं नाही.

पण तिच्या नावाने एक बकरा बोललेला होता.

नवस राहत गेला. आधी वाटाच बंद होत्या. मग भावकीत सुतक पडलं. मग हौसाच काही ना काही काढायची. रोशनीची परीक्षा, हिरामणची कंबर, उन्हाचा कडाका. ठमाबाई काही बोलत नसे. पण माघात ती न्हाणीत पडली आणि अंथरुणाला लागली, तेव्हा एका दुपारी तिने सुनेला जवळ बसवलं.

"या चैतात मना कार्ल्याला न्या."

"नेऊ की आये. आईची वटी भरू, पातळ देऊ, नारळ देऊ."

"बकरा देऊ."

हौसाने म्हातारीच्या पायांवरची गोधडी सारखी केली. मग म्हणाली, "आये, नारळ दिला तर चालत न्हाय का? कोहळा कापतात लोकं. आई काय बकऱ्याची भुकेली हाय?"

ठमाबाईने मान वळवली. डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण हौसाला वाटलं, म्हातारी आपल्याला आरपार बघते आहे.

"नारळ बोलली असते तर नारळ दिला असता. मी तुझा जीव मागितला गो. तुझ्या जिवाला मी नारळ तोलू?"

 तिच्या सख्ख्या आईनेही तिचा जीव एवढा महाग मानला नसता. तरी ती म्हणाली, "माझ्या जिवापायी दुसऱ्याचा जीव कशाला जावा? माझ्यानं व्हनार न्हाय, आये."

"बरं," ठमाबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर म्हातारीची झोप गेली. रात्रंदिवस खाटेवर बसून राही, पुटपुटत राही. हौसाची जाऊ आक्का, भरतची बायको, हिने एकदा चुलीपाशी तिला हळूच सांगितलं, "तुला न्हाय म्हाईत. आपल्या सासूच्या आयसचं असंच झालेलं. कोंबडा बोललेली, फेडला न्हाय. पडून राहिली किती म्हैने. जीव जाईना. किडं पडलं अंगाला. शेवटी पोरांनी कोंबडा नेऊन दिला तवा सुटली. आपल्या सासूनं ते डोळ्यांनी बघितलंय, पोर असताना."

हौसा दुसऱ्या सकाळी धावायला गेली, पण तिला दम लवकर लागला. खाडीच्या बांधावर ती बसली. ओहोटी होती. चिखल उघडा पडला होता आणि त्यावर निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या, मजेत. तिने मनाशी एक वाट शोधून काढली. त्यांच्या घरची रीत अशी होती की बकरा नुसता कापत नाहीत. त्याला हळदकुंकू लावायचं, हार घालायचा, पाठीवर पाणी ओतायचं आणि डोंगराकडे तोंड करून हात जोडून उभं राहायचं. बकऱ्याने अंग झाडलं, म्हणजे आईने घेतला. झाडलं नाही तर सुरी लागत नाही. बकरा परत घरी आणायचा आणि नवस पुढच्या चैतावर जातो. दोर धरायचा तो ज्याच्यासाठी नवस बोलला त्याने.

ती घरी आली आणि सासूच्या खाटेपाशी उभी राहिली.

"आये, मी येते. दोर धरते, रांधते. पन मारनारी मी न्हाय. आईनं घेतला तर घेतला."

"आईच घेते," ठमाबाई म्हणाली. "आपून कोन घेनार?"

हौसाच्या मनात होतं, नाही घेणार ती. नक्की नाही घेणार.

भरतने अंबाडीकडच्या एका पाड्यावरून बकरा आणला. तांबूस, अंगाला खोड नसलेला, लांब कानांचा. जायच्या आधी काही दिवस तो अंगणातल्या शेवग्याला बांधलेला होता. ठमाबाई आता खाटेवरून उठे आणि काठी टेकत येऊन त्याला हाताने पाला भरवी. हौसा त्याच्याकडे बघायचं टाळायची. पण एका सकाळी धावून आल्यावर ती बूट सोडायला वाकली आणि तो जवळ येऊन तिच्या हातावरचा घाम चाटू लागला. जिभेला खरखर होती. तिने हात लगेच काढला नाही.

चैत्रात सगळे निघाले. ट्रॅव्हलरमध्ये पुढे हिरामण, मधे बायका, मागच्या टेम्पोत भरत आणि बकरा. आमच्याकडचा माणूस वर्षभर कुठे हिंडत नाही, पण कार्ल्याला जाताना सासुरवाशिणीच्या अंगात माहेरवाशीण येते. आक्का आणि रोशनीने गाणी धरली. मानकोली मागे पडली, मुंब्र्याचा डोंगर गेला, पनवेल गेलं. घाट लागला तशी हवा थंड झाली. ठमाबाई खिडकीपाशी होती. मांडीवर एक फडक्याचं गाठोडं धरलं होतं. रोशनी म्हणाली, "आजी, दे मी धरते." म्हातारीने तिचा हात झटकला. "गप ऱ्हा. माझं हाय ते."

"काय हाय एवढं? सोनं?"

"तुझ्या लग्नात सांगीन."

सगळ्या हसल्या. हौसाही हसली. खंडाळ्याला दरी उघडी झाली तेव्हा ठमाबाईने विचारलं, "दिसते का गो खाली?" हौसा तिच्या कानाशी सांगत राहिली, इथे झाडं आहेत, इथे आगगाडीचा बोगदा, इथे पांढरं फूल आहे कसलं तरी. म्हातारी मान हलवत राहिली. "हा. हा. मागं आलो तवा पन व्हतं."

पायथ्याशी एका शेतकऱ्याचा मांडव भाड्याने घेतला. ठमाबाईला पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. तिला खुर्चीत, डोंगर समोर येईल असं बसवलं. हौसा ओटीचं ताट घेऊन वर निघाली. हिरामण आणि रोशनी सोबत होती, पण ती दोघं मागे राहिली. हौसा चढत गेली, एका लयीत, आणि वर पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला दम लागलेला नाही. ज्या छातीसाठी म्हातारीने पदर पसरला होता, ती छाती भरून येत होती आणि भरलेलीच खाली जात होती. ती आईपुढे उभी राहिली. मागायचं ते पाठ करून आली होती: नको घेऊ, नारळावर भागव. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "आये, मी आले."

खाली आल्यावर बकऱ्याला उभं केलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. हौसाने दोर धरला. हिरामणने तांब्याभर पाणी पाठीवर ओतलं. सगळ्यांनी हात जोडले.

बकरा उभा राहिला.

पाणी त्याच्या पाठीवरून ओघळलं, पोटाखालून थेंब थेंब पडलं. त्याने हारातलं एक फूल ओढून खाल्लं. परत पाणी घातलं. परत उभा. शेजारच्या मांडवात एका कुटुंबाचा बकरा पाणी पडताच थरथरला आणि तिकडे आईचा उदो झाला. तिसऱ्या मांडवातही झाला. त्यांच्या चुली पेटल्या. यांचा बकरा मात्र मान खाली घालून जमीन हुंगत होता.

"हा बी व्हेगन निघाला," भरत म्हणाला. "वयनीच्या हातचा दोर हाय ना."

थोडं हसू झालं. हौसाच्या आत काहीतरी सैल होत गेलं, गाठ सुटावी तसं. नाही घेत. आई नाही घेत. तिने मनात म्हटलं, बघ, तिलाही नको आहे.

ऊन माथ्यावर आलं. पोरांच्या पोटात भूक होती पण नैवेद्याआधी कुणी काही तोंडात घालणार नव्हतं. हसू आटलं. आक्काने दोनदा डोंगराला दंडवत घातला. हिरामण म्हणाला, "काय चुकलं असंल ते पदरात घे, आये." पाणी घातलं. बकरा उभा.

तेव्हा खुर्चीतून ठमाबाई बोलली. मोठ्याने नाही, स्वतःशीच.

"घेत न्हाय ती."

हिरामणने रिकामा तांब्या खाली ठेवला.

"माझ्या बोलन्यात काय खोट व्हती? उपाशी राहून बोलले. उभी राहून बोलले." तिने चाचपडत हात पुढे केला, जणू कुणाचा तरी पदर शोधत होती. "आता पुढला चैत मी कुठला बघते. मंग माझं काय व्हनार? हौसा? माझं काय व्हनार गो?"

आणि म्हातारीचं अंग थरथरू लागलं. आधी हात, मग हनुवटी, मग सगळीच. पाणी बकऱ्यावर ओतलं होतं आणि थरथरत होती ती.

हौसाने हे पाहिलं. दवाखान्यात तिला श्वास हवा होता आणि कुणाला देता येत नव्हता. या बाईने, जिच्याजवळ द्यायला काहीच नव्हतं, अंगणात उभं राहून शब्द दिला होता. आता तिला सुटका हवी होती. आणि ती मात्र देता येण्यासारखी होती. ती हौसाच्या हातात होती.

हौसाचं माहेर टेमघरचं. टेमघर शहराने गिळलं नव्हतं तेव्हा तिच्या बापाकडे शेरडं होती. पोर असताना ती त्यांच्यामागे हिंडली होती. तिला ठाऊक होतं की शेरडाला पाठीवरच्या पाण्याचं काही वाटत नाही. पण कानात एक थेंब जाऊ दे. डोक्यापासून शेपटीपर्यंत झाडतं.

"आना तांब्या," ती म्हणाली. "या टायमाला मी घालते."

तिने तांब्यात बोटं बुडवली. वाकली. डाव्या हाताने हार सारखा केल्यासारखं केलं आणि तो लांब तांबूस कान जरा उचलला. कान ऊबदार होता. बकऱ्याने तिच्या मनगटाला नाक लावलं, ओळखीच्या माणसाला लावावं तसं. तिने दोन थेंब आत सोडले आणि उरलेलं पाणी पाठीवर ओतलं.

बकऱ्याने अंग झाडलं. अख्खं, कडकडून. पाण्याचे शिंतोडे सगळ्यांच्या तोंडावर उडाले.

"आईचा उदो!" भरत ओरडला. आक्का रडू लागली. ठमाबाईने दोन्ही हात कपाळाला लावले आणि ते खाली आणायचं विसरली.

खाटीक आला. दोर सोडून दिला असता तरी चाललं असतं. तिथून पुढे तिचं काम नव्हतं. रोशनी म्हणालीही, "मम्मी, तू जा तिकडं, बघू नको." हौसा गेली नाही. शेवटपर्यंत दोर धरून उभी राहिली आणि डोळे मिटले नाहीत. जे आपण केलं त्याकडे पाठ करायची नाही, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं.

मग तिने रांधलं. तीन दगडांच्या चुलीवर टोप चढवला, कांदा परतला, आक्काने वाटलेलं वाटण घातलं. इतक्या वर्षांत तिने मटणाला हात लावला नव्हता, पण हात काही विसरला नव्हता. नैवेद्य चाखायचा नसतो, मीठ अंदाजाने. तिने मूठ टोपावर धरली आणि बोटं किती उघडायची ते बोटांनीच ठरवलं. नैवेद्याचं पान डोंगराला दाखवलं. मग पहिलं ताट सासूपुढे ठेवलं.

ठमाबाईने भात कालवून एक घास घेतला. बोळक्या तोंडात बराच वेळ घोळवला.

"मीठ बरोबर पडलंय गो," म्हणाली. "तुझाच हात."

मग तिने खुर्चीखालून ते गाठोडं काढलं आणि गाठ सोडली. आत तांदळाच्या दोन भाकऱ्या होत्या, कडेला जरा करपलेल्या, आणि डब्यात शेवग्याच्या पाल्याची भाजी.

"मीच केलं. पहाटं, तू धावायला गेलीस तवा. आक्कानं चूल पेटवून दिली. दूध-तूप काय लावलं न्हाय, रोशनीला इचारून घेतलंय. तू उपाशी बसशील म्हनून." तिने भाकरी हौसाच्या हातात दिली. "खा. बस माझ्याजवळ."

हौसा तिच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसली. सासू मटण खात होती, सून पाला खात होती.  भाकरी धरलेल्या हाताला अजून बकऱ्याच्या कानाची ऊब होती. तरी तिने सगळी खाल्ली, कोर न ठेवता; ज्या बाईला चूल नीट दिसत नव्हती तिने थापलेली भाकरी ठेवायची कशी?

येताना घाटातच ठमाबाईला झोप लागली. डोकं हौसाच्या खांद्यावर पडलं, तोंड उघडं राहिलं. श्वास येत होता, जात होता. अंजूर येईपर्यंत हौसाने खांदा हलवला नाही.

ठमाबाई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. श्रावणात गेली, बसल्या जागी, भिंतीला पाठ टेकून. ना धाप लागली, ना तडफड झाली. दहाव्याला जमलेल्या बायका म्हणाल्या, "नवस फिटला, म्हातारी सुटली. आईनं हातानं नेली." हौसा पत्रावळी पुसत होती. तिने वर पाहिलं नाही.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर, उतरत्या उन्हात, ती आणि हिरामण ओट्यावर बसले होते. तिने त्याला सांगितलं. कान, थेंब, सगळं. 

"मना वाटलंच व्हतं," तो म्हणाला. "अगो, सगळेच टाकतात. आमचा बापूस पन टाकायचा. आयसला पन म्हाईत व्हतं ते."

"त्यांना म्हाईत व्हतं?"

"म्हाईत असून म्हाईत नसतं गो. त्याचं काय एवढं."

हौसाने मान हलवली. सगळेच टाकत असतील. पण सगळ्यांनी काही निवट्यांकडे बघून पाला परत झाकला नव्हता, सगळ्यांच्या मनगटाला त्या बकऱ्याने नाक लावलं नव्हतं.

"म्हातारी झोपली त्या दिशी," ती म्हणाली. "मी परत टाकीन. उद्या तशीच येळ आली तर परत टाकीन. पन मी केलं न्हाय असं मना बोलता येनार न्हाय आता. आईनं घेतला असं बी बोलता येनार न्हाय."

"मंग काय बोलशील?"

"काय न्हाय. गप बसीन."

ती अजून धावते. मासळी खात नाही, दूध पीत नाही. ते काही पुन्हा सुरू झालं नाही. परवा भरतच्या घरी पोरीच्या हळदीचा टोप चढला. आक्काला कामाला हात कमी पडले, तसा तिने हौसाला आवाज दिला, दिला आणि जीभ चावली. हौसा उठून गेली. कांदा चिरायला बसली. शेजारी एक नवी सून होती, ती जरा भीतभीत म्हणाली, "काकू, तुमाला चालत न्हाय ना हे? तुमी बोलता ना लोकांना?"

"आदी बोलायची," हौसा म्हणाली. "कांदा बारीक चिर गो. जाडा ऱ्हातो तुझा."